घरातल्या आजाऱ्यासाठी रात्र जागणाऱ्यांची झोप : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लकव्यानं एक बाजू गेलेले आबाजी, विसरभोळी झालेली सासू, कॅन्सरची माय, सिकलसेल या रक्ताच्या आजाराचं लेकरू. वऱ्हाडात असो की झाडीपट्टीत, खाटेवर माणूस असलेलं घर गावागणिक सापडतं. भेटायला येणारा पेशंटच्या जेवणाचं विचारतो, गोळ्यांचं विचारतो. रात्री कोण उठतं, हे सहसा कोणी विचारत नाही. खालचे प्रश्न त्या उठणाऱ्या माणसाचे आहेत. बहुतेक घरांत ती सून असते, नाहीतर बायको किंवा लेक, म्हणून उत्तरं तिच्याशी बोलल्यासारखी झाली आहेत. पुरुषांनी वाचू नये असं नाही. खरं तर त्यांनीच आधी वाचावं.

"मले रातभर डोया लागत नाही." हा आजार आहे का?

आधी एक गोष्ट तपासा. झोप येत नाही, की झोपू दिलं जात नाही? पेशंटनं चारदा हाक मारली, दोनदा चादर बदलावी लागली, पाचला सडा-सारवण आणि चुलीची वेळ झाली, तर तुम्हाला निद्रानाश नाही. झोपायला वेळच मिळालेला नाही. त्यावर औषध नसतं, घरातली व्यवस्था बदलावी लागते.

दुसरा प्रकार वेगळा. पेशंट शांत झोपलाय, अंथरूण आहे, वेळ आहे, तरी तुम्ही आढ्याकडे पाहत पडल्या आहात. किंवा तीनला जाग येते ती येतेच. आठवड्यातल्या तीन किंवा जास्त रात्री असं होत असेल, दिवसा त्याचा त्रास होत असेल आणि हे तीन महिने टिकलं असेल, तर डॉक्टर त्याला जुनाट निद्रानाश म्हणतात. सेवा करणाऱ्यांच्या बाबतीत बहुधा पहिल्यातूनच दुसरा उभा राहतो: महिनोनमहिने रात्री उठून उठून शरीराला जागं राहण्याची सवय लागते. म्हणून तीन महिने पुरे होण्याची वाट पाहत बसू नका.

किती झोप लागते? तुकड्या-तुकड्यानं झाली तर चालते का?

मोठ्या माणसाला सात तास तरी हवेत. पण तुमच्यासाठी तासांच्या बेरजेइतकंच महत्त्व सलगतेला आहे. झोपेचं एक चक्र साधारण दीड तासाचं असतं आणि सगळ्यात गाढ झोप रात्रीच्या पहिल्या भागात येते. दर तासाला उठणाऱ्या बाईची बेरीज सात तास भरली, तरी सकाळी अंग आंबलेलंच राहतं. म्हणून पहिलं उद्दिष्ट सात तासांचं ठेवूच नका. सलग चार-पाच तासांचा एक तुकडा ठेवा, ज्यात तुम्हाला कोणीही उठवणार नाही. बाकीची झोप त्याला जोडता येते.

आणखी एक. गाढ झोपेतून उठल्यावर पंधरा मिनिटं ते अर्धा तास डोकं नीट चालत नाही. त्या वेळात इन्सुलिन भरणं, गोळ्या मोजणं टाळा. रात्रीच्या गोळ्या संध्याकाळीच वेगळ्या डबीत काढून ठेवा. इन्सुलिनची वेळ अपरात्री येत असेल, तर ती बदलता येते का हे डॉक्टरांना विचारा.

जागरण अंगावर काढणाऱ्या घरच्या पुरुषांना हा आकडा सांगा: सलग सतरा तास जागं राहिलेल्या माणसाचं लक्ष आणि हात, रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यासारखे चालतात, असं प्रयोगांत दिसलं आहे. आपल्याकडे गाडी चालवण्याची कायदेशीर मर्यादा ०.०३ टक्के आहे. रात्रभर पेशंटपाशी बसून सकाळी मोटरसायकल काढणं, मळणी यंत्रात हात घालणं, पाठीवर पंप घेऊन पऱ्हाटीवर फवारणी करणं, ही तिन्ही कामं त्या दिवशी दुसऱ्यानं करावीत. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं किती शेतकरी-शेतमजूर दगावले, ते आपल्याकडे कोणाला सांगायला नको. झोपेनं जड झालेला माणूस वाऱ्याची दिशा पाहत नाही, तोंडाचा रुमालही सोडून देतो.

रात्री पाच-सहा वेळा उठावं लागतं. सुरुवात कुठून करू?

लेकराच्या शाळेच्या जुन्या वहीतली कोरी पानं घ्या, उशाशी पेन ठेवा आणि आठवडाभर फक्त वेळ आणि कारण लिहा. एखाद्या लकव्याच्या पेशंटच्या घरचं पान साधारण असं निघतं:

११.१० लघवी.
१२.४० पाणी मागितलं.
१.३० लघवी.
२.१५ हाक मारली, काही नको होतं.
३.४० चादर ओली.
५.०० चहा पाहिजे.

आता एकेक ओळ पाहा. प्रत्येकीचं कारण निराळं आहे आणि निम्म्यांवर तरी दिवसाउजेडीच काही करता येतं.

लघवीची कारणं अनेक. "पाणी उतरायची" गोळी संध्याकाळी दिली जात असेल, तर रात्रभर लघवी होणारच. ती सकाळी देता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. मनानं वेळ बदलू नका. पायांवर सूज असेल, तर दिवसभर पायात साचलेलं पाणी आडवं झाल्यावर रक्तात परततं आणि लघवीवाटे निघतं. अशा पेशंटचे पाय दुपारी तास-दोन तास उशीवर उंच ठेवले की बरीच लघवी झोपण्याआधीच होऊन जाते. शुगर वाढलेली असली, लघवीत जंतुसंसर्ग असला, म्हाताऱ्या पुरुषाची प्रोस्टेट वाढलेली असली, तरी रात्री लघवी वाढते, आणि या तिन्हींवर उपचार आहेत. चहा-पाणी दिवसा भरपूर द्या, झोपायच्या दोन-तीन तास आधीपासून कमी करा. दिवसाचं पाणी मात्र तोडू नका. पुष्कळ घरांत उठावं लागू नये म्हणून म्हाताऱ्याला पाणीच कमी देतात. त्यानं बद्धकोष्ठ होतं, लघवीत जळजळ होते, आणि शेवटी उठावं जास्तच लागतं.

हात चालत असेल, तर पुरुषाला युरिन पॉट खाटेला अडकवून द्या. बाईमाणसासाठी कमोडची खुर्ची खाटेला लागून ठेवा. अंगणापलीकडच्या संडासापर्यंत अंधारात धरून नेण्यात दोघांची झोप मोडते, आणि पडून खुब्याचं हाड मोडण्याची भीती असते ती वेगळीच.

१२.४० चं पाणी नळीच्या बाटलीत, चांगल्या हाताच्या बाजूला ठेवलं की हाक येत नाही. गिळताना ठसका लागणाऱ्या पेशंटला मात्र एकट्यानं पाणी पिऊ देऊ नका.

३.४० च्या चादरीसाठी अंथरूण दोन थरांत घाला: खाली प्लास्टिक आणि सुती कापड, त्यावर पुन्हा प्लास्टिक आणि सुती कापड. वरचं ओलं झालं की नुसतं ओढून काढायचं, खाली कोरडं तयारच असतं. पाच मिनिटांत पुन्हा आडवं होता येतं, दिवा मोठा करावा लागत नाही, पेशंटचीही झोप पूर्ण मोडत नाही. डायपर परवडत असेल, तर तो फक्त रात्री वापरा.

आणि २.१५? माणूस अंधाराला भ्यायलेला असतो, किंवा सकाळ झाली का ते त्याला कळत नाही. बारीक दिवा आणि समोर मोठ्या आकड्यांचं घड्याळ, एवढ्यानं ही हाक पुष्कळदा थांबते. न थांबल्यास "दुखतंय का" हे एकदा नीट विचारा. दुखणं न सांगणारी पिढी आहे ती. दुखण्याची गोळी झोपायच्या वेळेला जुळवून घेता येते, तेही डॉक्टरांना विचारूनच.

दर दोन तासांनी कूस बदलायला सांगितलं आहे. मग झोपायचं कधी?

दोन तासांचा नियम जुना आहे, आणि दवाखान्यात पाळीच्या सिस्टर असतात म्हणून तो तिथे निभतो. घरी एकटीनं वर्षभर तो पाळणं माणसाच्या आवाक्यातलं नाही. ब्रिटनमधल्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत, बेडसोरचा (एकाच जागी पडून कातडीला होणाऱ्या जखमांचा) धोका असलेल्या प्रौढांची स्थिती किमान सहा तासांनी आणि धोका जास्त असलेल्यांची किमान चार तासांनी बदलावी, असं म्हटलं आहे. म्हणजे एअर बेड असेल, कातडी शाबूत असेल, खाणं बरं असेल, तर रात्रीचं अंतर वाढवता येतं का, हा प्रश्न डॉक्टरांना किंवा सिस्टरला विचारण्याजोगा आहे. सकाळी माकडहाड, खुबे आणि टाचा पाहा. लाल डाग बोटानं दाबून फिका पडत नसेल, किंवा सावळ्या कातडीवर एखादी जागा काळपट, गरम, टणक लागत असेल, तर अंतर पुन्हा कमी करा. आधीच जखम असेल, तर मात्र दवाखान्यानं सांगितलेलंच वेळापत्रक पाळा.

आबाजी रात्री दोनला उठून बैल सोडायला निघतात. समजावून थकलो.

समजावू नका. विसरण्याच्या आजारात (डिमेन्शिया) संध्याकाळनंतर गोंधळ वाढतो आणि दिवस-रात्रीचं भान सुटतं. त्यांच्या डोक्यात खरोखर पहाट झालेली असते आणि खरोखर बैल उपाशी असतात. "बैल विकून दहा वर्षं झाली" असं म्हटलं की त्यांना त्या क्षणी बैल विकल्याचा धक्का बसतो, मग आरडाओरडा, मग सगळं घर जागं. त्यापेक्षा "कुटार टाकलं बाबा, आताच टाकून आलो, उजाडलं की जाऊ" एवढं पुरतं. हात धरून पाणी द्या, लघवीला नेऊन आणा, परत निजवा. भांडणाच्या तासाभराऐवजी दहा मिनिटांत होतं. खोटं बोललो असं मनाला लावून घेऊ नका.

खरी लढाई दिवसा आहे. सकाळी उन्हात अर्धा तास बसवा. हाताला काम द्या: शेंगा फोडणं, तूर निवडणं, दोऱ्या वळणं. नीट झालं नाही तरी चालेल. दुपारची झोप अर्ध्या तासावर आणा. दिवसभर खाटेवर पेंगणारा म्हातारा रात्री ताजातवाना असणारच. संध्याकाळी दिवे वेळेत लावा, टीव्हीवरच्या मारामाऱ्या बंद करा.

दाराला बैलाच्या जुन्या घुंगरमाळेतली दोन घुंगरं बांधून ठेवा. दार हललं की आवाज होतो, म्हणजे तुम्हाला एक डोळा उघडा ठेवून झोपावं लागत नाही. विहीर उघडी असेल, तर तिच्यावर जाळी टाका. बाहेरून कडी घालून माणसाला एकटं कोंडायचं नाही, खाटेला बांधायचंही नाही. आग लागली तर बाहेर पडता येत नाही, आणि बांधलेला माणूस सुटण्याच्या धडपडीत जखमी होतो.

कालपर्यंत बरी होती, आज अचानक रात्रभर बडबड, माणसं ओळखेना.

हे वाट पाहण्याचं काम नाही. एक-दोन दिवसांत सुरू झालेला गोंधळ बहुधा शरीरातल्या बिघाडामुळे असतो: लघवीचा किंवा छातीचा संसर्ग, पाणी कमी पडणं, उन्हाचा तडाखा, शुगर एकदम खाली जाणं, नवी गोळी, तुंबलेली लघवी. त्याच दिवशी दवाखान्यात न्या. तोंड वाकडं झालं, हात गळाला, बोबडी वळली किंवा अंग तापून शुद्ध हरपत असेल, तर थेट १०८.

रात्र वाटून घ्या म्हणतात. पण कोणाशी?

शेतपंपाची थ्री-फेज वीज रात्रीची असते तेव्हा नवरा ओलितावर असतो, हंगामात डुक्कर आणि रोह्यांमुळे (नीलगायींमुळे) जागलीला. ही अडचण खरी आहे. पण वर्षाच्या सगळ्याच रात्री ओलिताच्या नसतात, आणि शेताच्या जागलीची पाळी भाऊ-भाऊ लावतात, मग खाटेपाशीच्या जागलीची का लावत नाहीत, हा प्रश्न घरात एकदा मोठ्यानं विचारायला हवा.

वाटणी अशी करता येते. रात्री नऊ ते दोन एकाचा पहारा, दोन ते सहा दुसऱ्याचा. ज्याचा पहारा नाही त्यानं दुसऱ्या खोलीत, ओसरीवर किंवा शेजारच्या दिराकडे झोपायचं. त्याच खोलीत झोपलात, तर पाळी कोणाचीही असो, उठणार तुम्हीच. सकाळचा स्वयंपाक जिच्याकडे आहे तिला पहिली झोप द्या. दहावी-बारावीच्या पोरीला रात्रीच्या पाळीत घालू नका. पोराला घालत नाही ना, मग तिलाही नाही.

घरात दुसरं कोणीच नसेल, तर रोज नाही, आठवड्यातून एक रात्र मिळवा. नणंद माहेरी आली की पाहुणी म्हणून बसते. तिला स्पष्ट सांगा, "ताई, आज रात्री माय तुमच्यापाशी." राग येईल, पण ती तिचीही माय आहे. पुण्या-मुंबईचे भाऊ पैसे पाठवतात. त्यातून आठवड्याच्या दोन रात्रींसाठी गावातली एखादी भरवशाची बाई लावता येते का पाहा. बिस्किटाचा पुडा घेऊन भेटायला येणाऱ्या नातेवाइकांना पुढच्या खेपेला पुड्याऐवजी दुपारचे तीन तास मागा. बचत गटातल्या बायकांत अशी देवघेव चांगली जमते, कारण आज ज्यांच्या घरी पेशंट नाही त्यांच्या घरी उद्या असू शकतो, हे त्यांना कळतं.

"सेवा पुण्याचं काम आहे" असं सांगणाऱ्यांना पुण्यात अर्धा वाटा द्यायला माझी हरकत नाही. रात्री दोनला या म्हणावं.

पेशंट झोपतो, मी जागीच. कान तिकडेच असतात.

ही सवय शरीराला लागते आणि सुटतेही, थोड्या दिवसांनी. पहिलं काम कानांची नोकरी दुसऱ्या कोणाला देणं. हार्डवेअरच्या किंवा इलेक्ट्रिकच्या दुकानात दाराची बिनतारी बेल मिळते. बटण पेशंटच्या हाताशी चिकटवा, बेल तुमच्या उशाशी. पेशंट बटण दाबू शकत असेल, तर "हाक ऐकू आली नाही तर?" ही भीती कमी होते. लाइट जाते, म्हणून बेल सेलवर चालणारीच घ्या.

मग झोपेच्या सवयी. निद्रानाशावर जगभर पहिला उपचार गोळीचा नाही, या सवयी बदलण्याचा आहे. रात्र कशीही गेली तरी सकाळी उठायची वेळ एकच ठेवा. डोळे जड झाल्याशिवाय आडवं होऊ नका. अंदाजे वीस मिनिटांत झोप आली नाही, तर उठून दुसरीकडे बसा, मंद उजेडात वाती वळा, काही शिवा, आणि पेंग आली की परत या. उशाशी घड्याळ असेल, तर त्याचं तोंड भिंतीकडे करा. "दोन वाजले, आता चारच तास उरले" हा हिशोबच झोप उडवतो. उद्याच्या काळज्या, म्हणजे बँकेचा हप्ता, नागपूरच्या दवाखान्याची तारीख, संपत आलेल्या गोळ्या, संध्याकाळी सातलाच कागदावर उतरवा. अंथरुणात पडल्या पडल्या त्यांची उजळणी नको.

पहिले काही दिवस यानं झोप कमी झाल्यासारखी वाटते. सोडू नका, दोन-तीन आठवडे द्या. मात्र ज्या रात्री पेशंटनंच चारदा उठवलं, त्या रात्री हे नियम स्वतःवर लादू नका.

दुपारी झोपलं तर चालतं का? लोक नावं ठेवतात.

चालतं. ज्याला रात्री कोणी उठवत नाही, तरी झोपच येत नाही, त्यानं दुपारची झोप टाळावी. जिची रात्र दुसऱ्यानं मोडली आहे तिनं झोपावं. तीनच्या आत, वीस-तीस मिनिटं. रात्र फारच वाईट गेली असेल, तर दीड तास. पेशंट झोपतो तेव्हाच झोपा. भांडी त्याच्या जागेपणी घासता येतात. नावं ठेवणारे रात्री घोरत होते.

सगळे झोपले की तासभर मोबाइल बघते. सगळे म्हणतात तोच बंद कर.

मी लगेच तसं म्हणणार नाही. दिवसभरात तेवढाच तास तुमचा स्वतःचा असतो, तोही काढून घेतला तर माणूस जगायचं कशावर? तो तास रात्री अकराऐवजी संध्याकाळी कसा मिळेल ते पाहा. पेशंटचं जेवण झाल्यावर दुसऱ्या कोणीतरी अर्धा तास बसावं आणि तुम्ही मोबाइल घेऊन अंगणात बसावं. मग रात्रीचा आपोआप कमी होतो.

पेशंटच्या झोपेच्या गोळीतली अर्धी मी घेतली तर?

नको. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपामसारख्या गोळ्यांची काही आठवड्यांतच सवय लागते, मग तेवढ्याच झोपेला जास्त गोळी लागते. तुम्ही गुंगीत असाल तर पेशंटचा ठसका ऐकू येणार नाही, घाईनं उठलात तर तोल जाईल. अल्प्राझोलामसारखी गोळी चिठ्ठीशिवाय विकायला कायद्यानं बंदी आहे. ओळखीच्या मेडिकलवर ती मिळते म्हणून ती साधी ठरत नाही. बरेच दिवस घेत असाल, तर एकदम बंदही करू नका. झटके येऊ शकतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करतात.

सर्दीची गोळी झोपेसाठी घेण्याचंही फॅड आहे. तिची गुंगी सकाळपर्यंत रेंगाळते. कोमट दुधाला हरकत नाही. जायफळ चिमूटभरच, जास्त झालं तर त्याचीही बाधा होते. अश्वगंधा "आयुर्वेदिक आहे" म्हणून निर्धोक समजू नका: गरोदर बाईनं घेऊ नये, आणि थायरॉइडच्या गोळ्या चालू असतील किंवा लिव्हरचा त्रास असेल, तर डॉक्टरांना विचारावं.

चहा, खर्रा, थोडी दारू?

चहातल्या कॅफिनचा निम्मा भाग उतरायला साधारण पाच तास लागतात. चारचा चहा नऊलाही अंगात असतो. शेवटचा कप दुपारी घ्या.

खर्ऱ्याचं जास्त बोलायला हवं, कारण आपल्याकडे जागरणाला खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) हे ठरलेलं आहे. पेशंटपाशी बसलेला माणूस रात्री अकराला पन्नी चोळतो, एकला पुन्हा. तंबाखूतलं निकोटिन मेंदूला जागं करतं, सुपारीही तरतरी आणते. म्हणून पहारा संपला तरी झोप येत नाही, आणि पहाटे तलफेनं जाग येते. तोंडाच्या कॅन्सरचं वेगळं सांगत नाही. जागंच राहायचं असेल, तर तोंडावर पाणी मारून चार फेऱ्या मारा.

दारूनं डोळा लवकर लागतो आणि उत्तररात्री झोप तुटते. शिवाय पेशंटपाशी प्यालेला माणूस नसलेला बरा.

उन्हाळ्यात तर कोणीच झोपत नाही.

मे महिन्यात अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि भिंती रात्रभर धग सोडतात. पेशंटची खोली दुपारभर बंद ठेवा, सूर्य कलल्यावर सगळं उघडा. कूलर लावला की समोरची खिडकी उघडी पाहिजे, नाहीतर खोली नुसती दमट होते. झोपायच्या आधी पेशंटला ओल्या कापडानं पुसून घ्या, तुम्हीही अंघोळ करा. शक्य असेल तर पहारा नसलेल्यानं अंगणात मच्छरदाणी लावून झोपावं. पाणी मागता न येणाऱ्या पेशंटला या दिवसांत ठरावीक वेळानं पाणी पाजावं लागतं. उन्हाळ्यापुरतं ते झोपेच्या वर आहे.

रात्री पाय ओढतात, हलवल्याशिवाय चैन पडत नाही.

थकव्याचे पाय झोपल्यावर शांत होतात. हे झोपतानाच सुरू होतात. शरीरात लोह कमी असलं की हा त्रास होतो, आणि बायांत पंडुरोग किती आहे हे आशाताईला विचारा. रक्त तपासून घ्या. तुम्ही जोरात घोरत असाल, मध्येच श्वास अडकून दचकत असाल आणि सकाळी डोकं जड असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा; तो झोपेतल्या श्वासाचा आजार असू शकतो. पाळी जायच्या वयात अंगातून वाफा येऊन जाग येते, त्यावरही उपाय आहेत.

सिकलसेलचं लेकरू रोज गादी ओली करतं.

रागावू नका. या आजारात मूत्रपिंडाला लघवी घट्ट करता येत नाही, म्हणून ती जास्त होते. पाणी कमी देऊन हे थांबवायचं नाही. पाणी कमी पडलं तर दुखण्याचा झटका येऊ शकतो. झोपण्याआधी एकदा आणि तुम्ही झोपायला जाताना एकदा लघवीला न्या. थंडीत उबदार ठेवा. रात्री दुखायला लागलं तर कोणती गोळी, किती द्यायची, हे आधीच लिहून घ्या. १०१ च्या वर ताप, छातीत दुखणं किंवा दम लागणं म्हणजे रात्रीच दवाखाना.

चिडचिड इतकी होते की सासूवर हात उगारला.

न झोपलेल्या माणसाचा राग आवरण्याचा लगाम ढिला होतो. तसं झालं की पेशंटला सुरक्षित ठेवून खोलीबाहेर या, पाणी प्या, कोणाला तरी बोलवा. पुन्हा पुन्हा होत असेल, तर ती मदत मागायची वेळ आहे. तुमच्या वाट्याची रात्र त्या आठवड्यापासूनच कमी व्हायला हवी.

दोन आठवडे कशातच मन लागत नाही, भूक नाही, पहाटे तीनला जाग येऊन रडू येतं, "मीच सुटले असते तर बरं" असं मनात येतं, तर हे नुसतं जागरण राहिलेलं नाही. नैराश्य आहे का ते तपासायला हवं, आणि त्यावर उपचार आहेत. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. रात्री तीनलाही लावा. आणि घरातलं फवारणीचं औषध कुलपात, किल्ली दुसऱ्याकडे. हे घरच्यांनी तिला न विचारता करावं.

माय जाऊन चार महिने झाले, तरी दोनला जाग येते.

येते. शरीर त्या वेळेला उठायला शिकलेलं असतं, आणि दुःखही असतं. उठून दिवा लावून तिची खाट पाहणाऱ्या पुष्कळ जणी आहेत, तुम्ही वेड्या झालेल्या नाहीत. वर सांगितलेले सवयीचे नियम आता पूर्ण पाळता येतात, कारण आता कोणी उठवत नाही. झोपायची जागा बदलून पाहा. दिवस अजूनही ढकलावा लागत असेल, तर दाखवा.

दाखवायचं कुठे? झोपेसाठी कोण दवाखान्यात जातं?

गावातलं आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणजे उपकेंद्र किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र (पीएचसी), तिथून सुरुवात करा. तिथले अधिकारी ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवरून मोठ्या डॉक्टरांशी बोलणं करून देऊ शकतात. पुढे जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराचा विभाग असतो; नागपूरचं मेडिकल आणि एम्स, सेवाग्राम, यवतमाळ आणि अकोल्याची मेडिकल कॉलेजं आहेतच. घरात साठीच्या पुढचा माणूस असेल, तर ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ वरही मदत विचारता येते.

पेशंटला घेऊन जाताना एक चिठ्ठी स्वतःच्या नावाची काढा. सेवा करणाऱ्या बाया वर्षानुवर्षं दवाखान्याच्या फेऱ्या मारतात आणि त्यांच्या नावचा एकही केसपेपर नसतो. डॉक्टरांना "झोप येत नाही" एवढंच सांगू नका, नाहीतर गोळी लिहून मोकळे होतील. "घरी पेशंट आहे, रात्री इतक्यांदा उठते, इतके महिने झाले" असं सांगा. बीपी, शुगर आणि हिमोग्लोबिन, तिन्ही तिथेच तपासून होतं.